हायड्रोजनचा रिकामा खण

४ जुलै

भुंग्या,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि त्या फोनमधली बाई मला दर वेळी सांगते की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. अगं बाई, म्हटलं, मला काय सांगतेस, अकरा वर्षं देत नाहीये. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. ऑगस्टअखेर मी निवृत्त होते. बत्तीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळल्या, आता घरातला पेलासुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय पाणी पीत नाही. तू असतास तर हसला असतास.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तुझ्यानंतर रसायनशास्त्राला तीन मास्तर आले आणि गेले. एकानेही तुझ्या कपाटाला हात लावला नाही. अपघातानंतर कुलूप पडलं ते पडलंच, वर तक्ते-नकाशे टांगले गेले. या जूनपासून नव्या बाई आल्यात. पोरगीच आहे, पंचवीस-सव्वीसची. पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे येऊन उभी. "ताई, त्या भिंतीवरच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे आहे ना?" मी म्हटलं, हरवली. म्हणाली, "मग मी सुताराला बोलावते." झक मारत दिली.

उघडलं तेव्हा वास आला, जुन्या लाकडाचा आणि रॉकेलचा. तसंच आहे रे सगळं. अठरा उभ्या रांगा, सात आडव्या, खाली दोन ओळी वेगळ्या. आवर्तसारणी जशीच्या तशी भिंतीवर, प्रत्येक मूलद्रव्याला एक खण, खणाच्या काठावर तू रंगवलेला क्रमांक. आठवतं, सुतार काय म्हणाला होता? "सर, वरती मधोमध एवढं भगदाड का ठेवलंय? फळी टाकून बुजवून देतो, नीट दिसेल." तू त्याला बसवून अर्धा तास समजावलंस. तो चहा पिऊन म्हणाला, बरं, लाकूड कमी लागेल.

नव्या बाईंना ते कपाट पुन्हा वापरात आणायचंय. तुझा पत्ता मागतायत. देऊ का? एकदा येऊन बघून गेलास तर बरं होईल, मी शाळेत आहे तोवर. जुनं उगाळत बसायला नको. फक्त ये.

तुझी,
ताई


१६ जुलै

भुंग्या,

पत्र परत आलं. पाकिटावर तुझ्या अक्षरात 'घेतले नाही' असं लिहिलेलं. निदान अक्षर तरी बघायला मिळालं, इतक्या वर्षांनी. 'ह' अजून तसाच पोटफुगा काढतोस.

या वेळी पाकिटावरचा पत्ता नव्या बाईंकडून लिहून घेतलाय, म्हणजे तुला माझं अक्षर दिसणार नाही. जुनं पत्रही आत घातलंय. फसवलं म्हण. तुझीच बहीण आहे.

आता ऐक. बाईंनी कपाट रिकामं करून ओल्या फडक्याने एकेक खण पुसायला घेतला. मी खाली बसून बाटल्या धूत होते. मधेच त्या थांबल्या. डाव्या रांगेतला अगदी वरचा खण, एक क्रमांकाचा. त्यात बोट फिरवत म्हणाल्या, "ताई, हायड्रोजन वायू आहे ना?"

मी म्हटलं, इतकी वर्षं तरी होता.

"मग त्याच्या खणात रॉकेलचं गोल कसं उमटलं? बाटलीच्या बुडाचं आहे. हा खण तर रिकामाच असायचा ना? सर आम्हाला दर वर्षी सांगायचे."

'आम्हाला' म्हणाल्या, तेव्हा मी मान वर करून नीट बघितलं. हनुवटीखाली पांढरी रेघ. भुंग्या, ती पहिल्या बाकावरची मुलगी आहे. दोन वेण्यांची, सारखा हात वर करणारी, तुला प्रश्न विचारून विचारून पिसाळवणारी. अपघाताच्या दिवशी तिच्या हनुवटीला काच लागली होती, चार टाके पडले होते. तीच तुझ्या जागेवर आलीये. महिनाभर माझ्याबरोबर चहा पितेय आणि मी ओळखलं नाही.

मी सांगितलं, झुरळांसाठी रॉकेल लावलं असेल कधीतरी. तिने मान डोलावली. पण ते गोल तिने पुसलं नाही. तसंच ठेवलंय.

मला रात्रभर झोप नाही, हे काही तुला सांगत नाही. तू पण विचारलेलं नाहीस.

पण एक विचारते. तुझ्या मनात कधी आलं का, की त्या दिवशी तुझा हात बरोबर खणातच गेला होता?

ताई


२४ जुलै

भुंग्या,

मागचं पत्र परत आलं नाही. म्हणजे उघडलंस, किंवा उघडलं नाहीस पण फेकलंही नाहीस. मी दोन्हीवर समाधानी आहे.

आता मी सरळ सांगते, मधे थांबवू नकोस. थांबवायला तू इथे नाहीस हे एका परीने बरंच आहे.

तुला तो तास आठवतो, दर वर्षी पहिला? तू पाठ कपाटाकडे करून उभा राहायचास आणि म्हणायचास, "कुठलंही नाव घ्या." पोरं ओरडायची, तांबं! गंधक! कथील! तू मागे न बघता हात मागे करायचास आणि नेमकी तीच बाटली पुढे यायची. पोरं टाळ्या पिटायची. मग तू म्हणायचास, "माझी स्मरणशक्ती चांगली नाही. जागा चांगली आहे. या घरात कोण कुठे बसतो त्यावरून तो कसा वागणार हे कळतं." उभ्या रांगेतले सगळे एका घराण्याचे. पहिल्या रांगेतले तापट, पाण्याशी कधी पटायचं नाही, आणि जसजसं खाली जावं तसतसा राग वाढत जाणारा. लिथियम फुसफुसणार, सोडियम नाचणार, पोटॅशियम पेटणार. शेवटच्या रांगेतले कोणाशी बोलतच नाहीत. त्यांच्या सहा रिकाम्या खणांत मी खडूचे खोके आणि डस्टर ठेवायचे आणि तू म्हणायचास, ठेव गं, त्यांना कशाचाच त्रास होत नाही.

मागच्या खोलीत भांडी विसळताना मी ते सगळं एकोणीस वेळा ऐकलंय. मला पाठ होतं. पण भुंग्या, ऐकणं वेगळं. मला बाटल्यांवरची धूळ पुसता येते, तुला त्या माणसांसारख्या दिसायच्या.

त्या वर्षी तुला अकरा दिवस परीक्षेच्या कामाला पाठवलं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापकांचं पत्रक आलं, तपासणी होणार. जुने मुख्याध्यापक म्हणजे कसे, ते माहीत आहेच तुला. कपाटाचं डावं दार उघडलं, पहिलाच खण रिकामा दिसला, आणि म्हणाले, "ताई, पाहुण्यांना पहिलं दर्शन रिकाम्या खणाचं का?" मी म्हटलं, साहेब, तो हायड्रोजनचा आहे. "असेल. पण दिसायला बोळकं दिसतं."

मला लागलं ते. माझ्या कपाटाला बोळकं म्हणाले. डावी रांग बघ, वरचा खण रिकामा, मग लिथियम, सोडियम, पोटॅशियमच्या तीन बाटल्या, आणि खालचे तीन पुन्हा रिकामे, कारण ती मूलद्रव्यं शाळेत ठेवायची नसतात. मी म्हटलं, रिकामेच आहेत तर सगळे रिकामे खाली जाऊ देत, दाराआड कोण बघतंय. आणि तिन्ही बाटल्या एकेक खण वर सरकवल्या. लिथियम हायड्रोजनच्या जागी. सोडियम लिथियमच्या जागी. पोटॅशियम सोडियमच्या जागी.

दोन मिनिटांचं काम होतं. फडकं फिरवलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि भुंग्या, मला छान वाटलं. काय सुरेख दिसतंय, असं मी मोठ्याने म्हणाले.

बाटल्यांवरची चिठ्ठी वाचली असती तर तुला कळलं असतं, असं मी स्वतःला अकरा वर्षं सांगितलं. पण रॉकेलने त्या तिन्ही चिठ्ठ्यांवरची शाई कधीच खाल्ली होती. नव्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझं होतं. मी सुट्टीत लिहिणार होते.

तू परत आलास त्या सकाळी डब्याच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. तपासणी तर झालीच नाही. पुढे ढकलली.

आता बोल. किंवा नको बोलूस. मी लिहिलं, माझ्या छातीवरची एक वीट उतरली. एकच.

ताई


२ ऑगस्ट

भुंग्या,

मागच्या पत्रात एकच वीट असं लिहिलं होतं. तू हुशार आहेस, बाकीच्या मोजल्या असशील.

आई गेली तेव्हा तू आलास. दोन तास थांबलास, शेजाऱ्यांशी बोललास, डॉक्टरांशी बोललास, दूधवाल्याशीसुद्धा बोललास. माझ्या हातातून पाण्याचा पेला घेतलास आणि न पिता खाली ठेवलास. तेव्हा मला वाटलं, याला माहीत आहे. मग वाटलं, कसं माहीत असेल? मग वाटलं, नसेलच. अशी चार वर्षं गेली.

अपघाताच्या संध्याकाळी तू दवाखान्यात होतास. डाव्या डोळ्यावर पट्टी, डॉक्टर म्हणाले सकाळी सांगतो. आई तुझ्याजवळ बसली होती. मी म्हटलं, मी घरून कपडे घेऊन येते. मी घरी गेले नाही. शाळेत गेले. किल्ली माझ्याकडेच होती. वर्गात काचा तशाच पडल्या होत्या, चपलेखाली करकरत होत्या. मी कपाट उघडलं आणि तिन्ही बाटल्या एकेक खण खाली सरकवल्या. आपापल्या जागी. मग काचा झाडून घेतल्या, आणि मग कपडे आणायला गेले.

चौकशीला मला विचारलं, "सगळ्या बाटल्या आपापल्या खणात होत्या?" मी म्हटलं, "हो, आत्ताही आहेत, बघून घ्या." त्यांनी बघितलं. होत्या. तुला विचारलं. तू डोकं खाली घालून म्हणालास, "माझ्याकडूनच चुकीची बाटली उचलली गेली." त्यांनी नोंदवहीत लिहिलं, शिक्षकाचा निष्काळजीपणा. तुझी नोकरी गेली. प्रयोगशाळेचं दार तुला कायमचं बंद झालं. आता तू चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा घासतोस. सगळ्या शाळेत जागेचा एवढा नेम असलेला माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्या नावापुढे मी निष्काळजी लिहू दिलं.

एकवीस वर्षं हंगामी काढल्यावर तेव्हा मला नोकरीत कायम करायला चार महिने उरले होते. आईची औषधं होती. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही पुरेसं नाही.

अजून एक आहे.

त्या तासाला मी दारात होते. पाण्याची बादली घेऊन आले होते, तुझं काचेचं पसरट भांडं भरायला दुसरी बादली लागायची. मागच्या बाकावर मुख्याध्यापक बसले होते, तुझा तास बघायला. कोणीतरी ओरडलं, "सोडियम!" तू हसलास, हात मागे केलास, तिसऱ्या खणात. आणि मला आठवलं. भुंग्या, त्याच क्षणी आठवलं. तिथे पोटॅशियम आहे.

तू झाकण उघडलंस. चिमट्याने तुकडा काढलास. टिपकागदावर टिपलास. सुरीने कापलास, जरा जास्तच मऊ लागला असेल, पण तुझं लक्ष पोरांकडे होतं. सोडियमचा तुकडा घ्यायचास तसा वाटाण्याएवढा घेतलास. पोटॅशियम असतं तर तांदळाच्या दाण्याएवढा घेतला असतास, समोर जाड काच लावली असतीस आणि डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवला असतास. चष्मा माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं.

एवढा वेळ होता मला. हाक मारायला किती लागतं? पण ओरडले असते तर सगळ्या वर्गादेखत, साहेबांदेखत सांगावं लागलं असतं की मी बाटल्या हलवल्या. मी मनात म्हटलं, जरा जास्त फुसफुसेल. तासानंतर सांगू. मी तोंड उघडलं होतं. मिटून घेतलं. तू तुकडा पाण्यात टाकलास, आणि भांड्याच्या काचा उडाल्या.

आता माझ्याकडे लपवायला काही उरलेलं नाही.

तू मला माफ कर असं मी म्हणणार नाही. मला तशी इच्छा नाही असं नाही. फार आहे. पण ते मागायचं तोंड मला नाही.

ताई


१३ ऑगस्ट

भुंग्या,

तुझं उत्तर नाही. धरूनच चालले होते.

मी एक काम केलं, ते तुला कळवायला हवं. मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले (आता बाई आहेत, चांगल्या आहेत, फक्त घड्याळाकडे सारख्या बघतात) आणि दोन पानं टेबलावर ठेवली. तुला लिहिलं तेच, थोडं कमी रडकं करून. खाली सही. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"ताई," म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तुमचा निरोपसमारंभ. हार सांगितलाय. अकरा वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरून काढता? कोणी विचारलंय का?"

मी म्हटलं, "कोणीच विचारलं नाही, तीच तर पंचाईत झाली."

त्या म्हणाल्या, मी हे वाचलंच नाही असं समजू या, कागद परत घेऊन जा. मी म्हटलं, बाई, मी बत्तीस वर्षांत या शाळेतून एक फुटकी परीक्षानळीसुद्धा न नोंदवता बाहेर नेलेली नाही. हा माणूस मात्र मी न नोंदवता बाहेर घालवला. आता नोंद करा. मग बोलता बोलता माझा आवाज फुटला आणि मी त्यांच्या खोलीत उभी राहून लहान पोरीसारखी रडले. शिपाई पाणी घेऊन आला. सगळ्या शाळेला कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या समितीतले तिघे आले. नव्या बाईंनी त्यांना कपाटापुढे नेलं. तीन आडदांड माणसं एका खणात वाकून रॉकेलचं गोल बघत होती, मला त्यातही हसू आलं. बाई त्यांना म्हणाल्या, "या खणात कधीच काही ठेवलं जात नाही, आणि इथे बाटली राहून गेल्याची खूण आहे. बाटल्या एकेक घर वर गेल्या होत्या. सरांनी बरोबर जागी हात घातला होता." मग हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "काच मला लागली होती. माझी सरांबद्दल कधीच तक्रार नव्हती, पण मला कोणी विचारलं नाही, मी चौदा वर्षांची होते."

नोंदवहीतलं वाक्य खोडता येत नाही म्हणे, नियम आहे. पण त्याखाली नवीन लिहिता येतं. लिहिलं. शिक्षकाचा दोष नव्हता, असं. तारीख, सही, शिक्का. माझं नाव आहे त्यात, पूर्ण. नक्कल सोबत पाठवतेय. ती तुझी आहे, फाड, जाळ, चौकटीत लाव.

निरोपसमारंभ झाला. रद्द करायची कोणाची छाती झाली नाही. पण भाषण करणाऱ्यांची भंबेरी उडाली. इतिहासाचे मास्तर उठले, "ताई म्हणजे प्रामाणिकपणाचा..." एवढं म्हणाले आणि खोकायला लागले. मी म्हटलं, बसा हो, हार घाला आणि चहा सांगा.

घरी आल्यावर हार दाराच्या कडीला अडकवला आणि एकटीच बसले. वाईट वाटलं. पण बरंही वाटलं. गेल्या अकरा वर्षांत माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं की मी काहीतरी निमित्त काढून उठून जायचे. आता नाही उठावं लागणार, कारण कोणी फारसं बोलणारच नाही.

शेवटच्या दिवसापर्यंत मी जातेय. कपाट जवळजवळ लागलं. बाई क्रमांक बघून बाटल्या ठेवतात, मी पुसून हातात देते. काल मला म्हणाल्या, "ताई, सरांनी सांगितलेलं एक अजून डोक्यात आहे. ज्याने हे कोष्टक पहिल्यांदा मांडलं, त्याने ॲल्युमिनियमच्या खाली एक घर रिकामं सोडलं. म्हणाला, इथला अजून सापडलेला नाही, पण असणार, आणि तो असा असा वागणार. लोक हसले. थोड्याच वर्षांनी सापडला, तसाच वागणारा. सर म्हणायचे, दुसरा कोणी असता तर त्याने पुढचा मागे ओढून जागा भरून टाकली असती, दिसायला नीट दिसलं असतं आणि पुढचं सगळं कोष्टक चुकलं असतं."

मी हातातली बाटली तशीच पुसत राहिले. ती पोरगी बिचारी मला टोमणा मारत नव्हती. तिच्या लक्षातही आलं नाही. पण मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय केलं होतं. एकोणीस वेळा ऐकूनही कळलं नव्हतं.

तुझ्या खोलीत, भुंग्या, तू गेल्यावर मी शिवणयंत्र ठेवलं होतं. मग जुन्या गाद्या. मग आईचं कपाट. रिकामी खोली मला बघवायची नाही. परवा सगळं बाहेर काढलं. आता आत नुसती खिडकी आहे आणि झाडलेली फरशी. मी तू येशील म्हणून नाही काढलं. नाही आलास तरी ती तुझीच आहे, म्हणून काढलं.

ताई


२३ ऑगस्ट

भुंग्या,

पाकीट आलं. शाळेच्या पत्त्यावर. मी मागच्या खोलीत परीक्षानळ्या विसळत होते, शिपायाने आणून दिलं. ओल्या हातांनी फोडलं, त्यामुळे एक कोपरा भिजलाय.

आधी ती चिठ्ठी निघाली. बाटलीवर लावायची, पांढऱ्या कागदाची, तुझ्या अक्षरात, पोटफुग्या 'ह'सकट. 'क्रमांक १. हायड्रोजन. हा खण रिकामा ठेवावा.' वर पारदर्शक पट्टी चिकटवलेली, रॉकेल लागलं तरी शाई जाऊ नये म्हणून. मी तिथेच खाली बसले.

मग तुझा कागद. अर्धं पानसुद्धा नाही. कितीदा वाचला असेल ते विचारू नकोस. तू लिहिलंयस, "ज्योत जांभळी होती, ताई. सोडियमची पिवळी असते. मला त्याच क्षणी कळलं की बाटली कोणीतरी हलवलीय, आणि त्या कपाटाला आपल्या दोघांशिवाय कोणी हात लावत नव्हतं."

आणि त्याखाली, "तू बादली घेऊन दारात होतीस. तोंड उघडलंस आणि मिटलंस, तेही दिसलं. तेव्हा दोन्ही डोळे होते मला. वाटलं, बादली जड झाली असेल."

मी हे वाचलं आणि आधी हसले. देवाशपथ, हसले. मग अशी रडले, की बाईंनी येऊन दार लावून घेतलं.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चौकशीत डोकं खाली घालून "माझ्याकडून चुकलं" म्हणालास, ते माहीत असून म्हणालास. मी उगाच समजत होते की तू रागावलास ते डोळ्यासाठी, नोकरीसाठी. तू लिहिलंयस, "डोळ्याचा राग दोन वर्षांत गेला. रोज वाट बघायचो की आज ताई सांगेल. तू सांगितलं नाहीस त्याचा राग मात्र रोज नवा यायचा." भुंग्या, मी तुला चार वर्षांचा असल्यापासून वाढवलं, चालताना बोट धरलं, आणि तू माझ्या एका वाक्याची वाट बघत अकरा वर्षं बसलास. मी ते वाक्य रोज तोंडात धरून हिंडत होते. काय माणसं आहोत आपण दोघं.

राग गेलाय असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मी दोन-तीनदा शोधलं. नाही लिहिलंस, ते बरोबरच आहे. जे अजून नाही ते लिहू नये.

चिठ्ठी लावली. बाईंनी विचारलं, ते रॉकेलचं गोल आता घासून काढू का? मी म्हटलं, राहू दे. चिठ्ठी काठावर, गोल आत. पोरं विचारतील, मग सांगा त्यांना.

बाईंनी तुला पहिल्या तासाला पाहुणा म्हणून बोलावलंय हे मला त्यांनी सांगितलंच नव्हतं. पक्की आहे ती. मुख्याध्यापिकाबाईंचा होकारही घेऊन ठेवलाय, लेखी. आणि तू कागदाच्या अगदी तळाला, जागा उरली नव्हती म्हणून कडेने उभं लिहिलंयस, मला मान वाकडी करून वाचावं लागलं: "मंगळवारी येतो. सोडियमचा तास मी घेईन. चष्मा खिळ्याला असू दे. तोवर बाटल्यांना हात लावू नकोस."

आज शुक्रवार. कपाटावर धूळ बसलीय. मला दिसतेय, आणि फडकं माझ्या खांद्यावरच आहे.

नाही लावत हात. ये.

ताई